संगीत शिक्षा केंद्र

पहिल्याच पायरीवर शशिकलाबाई थबकल्या आणि नवऱ्याचा हात सोडून मागे सरकल्या. दारावरची पाटी त्यांनी हवेत बोट फिरवत वाचली, 'वरिष्ठ नागरिक संगीत शिक्षा केंद्र', आणि विचारलं,

"अहो, माझं काय चुकलं?"

प्रभाकररावांना आधी हसूच आलं.

"अगं, हिंदी पाटी आहे ही. शिक्षा म्हणजे शिक्षण. सत्तेचाळीस वर्षं भोपाळात काढलीस, आणि आता मला विचारतेस?"

"म्हणजे मारबिर नाही ना?"

"नाही गं बाई. गाणं शिकवतात इथे."

तेव्हा त्या चढल्या खऱ्या, पण चपला काढताना पाटीकडे पुन्हा एकदा पाहून घेतलं.

गेल्या दोन वर्षांत त्यांची हिंदी ओसरत चालली होती. पिपलानीच्या बाजारात भाजीवाला "आलू दूँ?" म्हणाला की त्या नुसत्या त्याच्या तोंडाकडे बघत राहत. मराठी मात्र शाबूत होती. उलट माहेरचं, नागपूरचं काहीबाही अधूनमधून वर येई. डॉक्टर म्हणाले होते, ही सुरुवात आहे, गाणं येत असेल तर गाऊ द्या, त्यानं आठवण धरून राहते. येत असेल तर! प्रभाकरराव तिथे खाली मान घालून बसले होते.

गाणं येत होतं. लग्न होऊन कारखान्याच्या क्वार्टरमध्ये आल्या तेव्हा शशिकलाबाईंबरोबर दोन ट्रंका आणि एक तंबोरा होता. वर्षभरातच त्या कुणाला न सांगता एकट्या बसनं श्यामला हिल्सवर गेल्या, रेडिओसाठी आवाजाची परीक्षा दिली आणि पासही झाल्या. प्रभाकररावांना हे कळलं ते कँटीनमध्ये, फोरमनच्या तोंडून. "बधाई हो भाई, भाभीजी रेडियो पर आएँगी!" चार लोकांत त्यांना दात काढून हसावं लागलं. घरी येऊन त्यांनी टोपीसुद्धा काढली नाही.

"मला न विचारता गेलीस. त्याची ही शिक्षा. एक वर्ष गाणं बंद."

वय सत्तावीस आणि ताठा गावच्या पाटलाचा. शशिकलाबाईंनी तंबोऱ्यावर कापडी गवसणी चढवली आणि रेडिओचं पत्र ट्रंकेच्या तळाशी ठेवलं.

वर्ष सरलं. ती विचारेल आणि आपण मोठ्या मनानं हो म्हणू, अशी प्रभाकररावांनी वाट पाहिली. तिनं विचारलं नाही. आपण होऊन सांगावं तर नाक खाली होतं. मग मुलगी झाली, तिची शाळा झाली, लग्न झालं, प्रभाकरराव निवृत्त झाले, आणि गवसणी होती तशीच राहिली. बायको रोज काहीतरी विसरते याचं त्यांना दुःख होतंच. पण खरं सांगायचं तर त्या दुःखाच्या तळाशी एक लाजिरवाणी आशाही होती, की तेवढं एक ती विसरेल. विसरलीही असेल.

हॉलमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्यांवर आठदहा म्हातारी माणसं बसली होती. पेटीवर दुबे मॅडम होत्या, पोरींना शिकवून शिकवून घसा बसलेल्या आणि तरी हसतमुख.

"माताजी, आपको कौन-सा राग आता है?"

शशिकलाबाईंनी क्षणभर विचार केला आणि शांतपणे मराठीत सांगितलं,

"मला राग येत नाही."

"क्या कहा?"

"कह रही हैं, कोई नहीं आता," प्रभाकरराव म्हणाले, आणि त्यांना इतकं हलकं वाटलं की डोळे भरून आले. राग येत नाही. स्वतःच्या तोंडानं म्हणाली. सुंठीवाचून खोकला गेला म्हणायचा! आता ती गाईल, तंबोरा दुरुस्त करून आणू, नव्या ताराच लावून घेऊ, इथपर्यंत त्यांचं मन पोचलं.

मॅडमनी पेटीवर सा धरला. ज्याचा त्याचा सा निघाला, कुणाचा फाटका, कुणाचा घोगरा. शशिकलाबाईंचे ओठ मिटलेले होते. उजव्या हाताची बोटं मात्र मांडीवर चालत होती, न दिसणाऱ्या चार तारा एकेक करून छेडत, अगदी लयीत.

"म्हण ना शशी," प्रभाकरराव वाकून म्हणाले.

बोटं थांबली. शशिकलाबाईंनी इकडेतिकडे पाहिलं, त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि दबक्या आवाजात विचारलं,

"वर्ष झालं का?"

कसलं वर्ष, असं विचारायचा धीर प्रभाकररावांना झाला नाही.

"झालं," ते म्हणाले. "केव्हाच झालं गं."

बाजारात भाजीवाल्याकडे बघत, तशा त्या त्यांच्याकडे बघत राहिल्या.

"मग सांगितलं का नाही तुम्ही?"

हे त्या जरा मोठ्यानंच बोलल्या. मॅडमनी भाता थांबवला. एकेक करून सगळ्यांचे सा विझले आणि खुर्च्या वळल्या.

"बाबूजी, क्या पूछ रही हैं माताजी?"

प्रभाकररावांनी अडतीस वर्षं कारखान्यात हिंदीतूनच माणसं हाकली होती. ते तोंड उघडून बसले, आणि त्यांना एक शब्द आठवेना.