नावांची यादी

पावसाळ्यात भामरागडकडचा रस्ता बंद झाला की गावातलं नेटही जातं. तेव्हा आईला घरचे व्हिडिओ बघता यावेत म्हणून चंद्रपूरला नोकरी करणाऱ्या दीपिकाने एक जुना कॉम्प्युटर आणून टीव्हीला जोडला. त्यात तिने दोन मीडिया प्लेअर टाकले. एकात प्रत्येक व्हिडिओवर मोठं चित्र दिसायचं, दुसऱ्यात काळ्या पडद्यावर नुसती नावांची यादी. चित्रांच्या जागी घरच्यांचे फोटो लावण्यात तिची अख्खी सुट्टी गेली होती.

"याया, हे चित्रावालं तुले सोपं जाईल," ती आईला, मंगलीला, म्हणाली.

मंगलीने रिमोट घेतला. फोटो बघून ती हसली, मग यादीवर गेली आणि तिथेच थांबली.

"हेच राहू दे."

"काऊन? तुले वाचता कुठी येते?"

"अंगणवाडीच्या बाई शिकवून राह्यल्या मले. चित्र दिसलं का मी अक्षराकडे पायतच नाई."

दीपिकाला हे कुणी सांगितलंच नव्हतं. आई टीव्हीजवळ गेली आणि एका नावाखाली बोट ठेवून पुटपुटू लागली. दीपिकाच्या ओठांवर शब्द आला होता, पण तिने तो गिळला.

"रे... ला," मंगली म्हणाली आणि तिने बटण दाबलं.

ढोल वाजला. पडद्यावर गावातल्या बाया हातात हात गुंफून रेला नाचू लागल्या.

संध्याकाळी दीपिकाने चित्रांचा प्लेअर काढून टाकला आणि यादीतली अक्षरं आणखी मोठी केली.