हॉर्नला न हटणारी बाई

शेंदूर पाण्यात कालवला तर वाळून उडून जातो. तो तेलात कालवावा लागतो.

०

कापसाच्या जिनिंगमध्ये यंत्राच्या पट्ट्याशेजारी अर्धं आयुष्य उभ्या राहिलेल्या माणसाशी बोलायचं असेल, तर आधी त्याच्या समोर यावं लागतं.

०

म्हैस रस्त्याच्या मधोमध का थांबते, हे म्हशीलाही सांगता येणार नाही.

०

नगरपालिकेला ग्रांट पाहिजे होती.

०

इंदूरकडचे ड्रायव्हर चहात साखर जास्त मागतात आणि भुताला घाबरतात.

०

"इथे मेलं कोण?"

"तसे बरेच असतील, साहेब."

"एकाचं नाव सांगा."

०

हे सगळं एका वळणावरचं आहे. धुळ्यात पांझरेचा पूल ओलांडला की देवपुराच्या तोंडाशी आग्रा रोड वळायचा. वळणावर चिंचेचं झाड आणि एक जुनी भिंत. त्यामुळे पुलावरून येणारी गाडी अंगावर येईपर्यंत दिसत नसे, फक्त ऐकू येई.

पुनाला ऐकू येत नव्हतं. जिनिंगने त्याचे दोन्ही कान नेले होते. आता त्याच्याकडे दोन म्हशी होत्या, आणि रोज सकाळी त्यांना घेऊन तो नदीवर जायचा. घर रस्त्याच्या एका अंगाला, नदीची उतरण दुसऱ्या अंगाला.

त्याची बायको मंजुळाबाई घराशेजारच्या झुलालच्या हॉटेलात चहाचे गिलास धुवायची. गिलास धुताना तिचे कान पुलाकडे असायचे. इंजिनाचा आवाज आला की हात पाण्यातच थांबायचे. आवाज वळून पुढे गेला की पुन्हा चालू. दोघांच्या वाटणीचं ऐकणं तिच्या एकटीवर आलं होतं.

एका सकाळी ट्रकने पारडू उडवलं. म्हशीच्या मागेच होतं, दाव्याला बांधलेलं. पुना पुढे चालत होता. हातातलं दावं सैल पडलं तेव्हा त्याने वळून पाहिलं.

"पारडू कथा गयं?" तो ओरडला. तो नेहमी ओरडूनच बोलायचा.

ट्रकने हॉर्न दिला होता. मंजुळाबाईने ऐकला होता. झुलालने ऐकला होता. अख्ख्या देवपुराने ऐकला असेल.

०

दुसऱ्या दिवशी तिने घरातला पाटा उचलून वळणावर नेला. त्याची मसाला वाटायची, टाकीने टोचलेली बाजू भिंतीकडे केली, निम्मा पाटा जमिनीत पुरला आणि वरच्या भागाला शेंदूर फासला. पुनाला हाताने खूण करून सांगितलं, पाटा फुटला. मग हॉटेलात एका इंदूरच्या ड्रायव्हरपुढे चहा ठेवताना ती हळूच म्हणाली, "भाऊ, वळणावर सांभाळून. बाई उभी राहते."

"कौन बाई?"

"मेलेली. हॉर्न वाजवून हटत नाही ती. गाडी हळू केली तरच हटते."

एवढंच. बाकीचं ड्रायव्हरांनी केलं. त्यांनी बाईला हिरवं लुगडं नेसवलं. कडेवर मूल दिलं. दगडापुढे नारळ फुटू लागले. पुलावरून येणारी प्रत्येक गाडी वळणाआधी हळू व्हायची, क्लीनर उडी मारून खाली उतरायचा, पाया पडायचा. आणि त्याच वेळी पुना म्हशी घेऊन रस्ता ओलांडायचा. ड्रायव्हरांनी हात का जोडलेत ते त्याला कळायचं नाही. तोही त्यांना रामराम करायचा.

पुनाला तिने गोष्ट सांगितली नाही. त्याने हसून ती चौकभर ओरडली असती.

वर्षाने तोच इंदूरचा ड्रायव्हर पुन्हा आला. बशीतला चहा फुंकत तिलाच सांगू लागला, "माँजी, मैंने खुद देखी. पलट के मेरी तरफ देखा उसने." मंजुळाबाईने गिलास विसळायला घेतला आणि तो तिच्या हातातच फुटला. आपण केलेली बाई या माणसाला दिसली, मग ती आहे की काय? त्या दिवसापासून दगडासमोरून जाताना ती डोक्यावरचा पदर पुढे ओढून घेऊ लागली.

०

नगरपालिकेचे मेंबर सुकदेव नाना जिभेने गोड आणि पायाने वेगात. मुंबई सरकार शहरांना रस्ते सुधारायला पैसे देणार, असं त्यांच्या कानावर आलं होतं. त्यांनी पालिकेत वळणाचा विषय काढला. रस्ता रुंद करायचा, चिंच तोडायची, भिंत पाडायची. इंजिनियर साहेब जागा पाहायला येणार होते.

"मंजुळावहिनी, साहेबांना तुम्ही सांगायचं," सुकदेव नाना म्हणाले. "वळणाशेजारी राहता. कोण मेलं, कसं मेलं. जरा डोळ्याला पदर लावून. सरकार काय, रडल्याशिवाय पान्हा सोडत नाही."

"आणि दगड?"

"दगड काढू की! रस्ता असा सरळ होईल, गाडी थेट शिरपुरापर्यंत सुसाट!"

त्यांनी हाताने सुसाट दाखवलं.

त्या दिवशी तिने चहाच्या भांड्यात मीठ टाकलं. झुलाल म्हणाला, "अक्का, पिणारा जिता ऱ्हावाले पाह्यजे ना!" ती हसली नाही. कोणी मेलं म्हणून सांगावं, तर ग्रांट येणार आणि दगड जाणार. कोणी मेलं नाही म्हणावं, तर ते ड्रायव्हरांसमोर म्हणावं लागणार, आणि मग दगड असून नसल्यासारखा. दोन्हीकडून ट्रक सुसाट येत होता. मधे पुना, म्हशीच्या पाठीवर हात ठेवून, सावकाश.

०

साहेब तरुण होते. जीपमधून उतरले आणि वळण या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून आले. झुलालच्या हॉटेलातले ड्रायव्हर, भिंतीपाशी बसलेले मजूर, सगळे गोळा झाले.

"इथे मेलं कोण?"

"तसे बरेच असतील, साहेब," सुकदेव नाना म्हणाले.

"एकाचं नाव सांगा."

नानांनी मंजुळाबाईला पुढे केलं. कोणाचं नाव घेणार? जित्या बाईचं नाव घेतलं तर तो तिला शाप. ती दगडाकडे बघत म्हणाली, "तिनं नाव लेतस नही, साहेब."

"का?"

"ती रागीट शे." आणि मग, ठरवलेलं नसताना, तिच्या तोंडून निघून गेलं, "तिना दगड जो हालाडी, त्याले ती आठ दिस बी जिता ठेवस नही."

मजूर एकदम मागे सरकले. एका ड्रायव्हरने कानाच्या पाळ्यांना हात लावला. मंजुळाबाईला वाटलं, जमलं. आता दगडाला कोणी हात लावणार नाही.

साहेबांनी त्या सगळ्या चेहऱ्यांकडे पाहिलं. "मेल्याचा पुरावा नाही," ते म्हणाले. "पण माणसं एवढी भितात म्हणजे जागा वाईटच असणार. मी शिफारस करतो."

सुकदेव नानांनी साहेबांच्या गळ्यात हार घातला.

०

ग्रांट मंजूर झाली. चिंच पडली, भिंत पडली. मजूर दगडाजवळ आले आणि पहारी खाली टाकून बसले. कोणी पुढे होईना. सुकदेव नाना दुप्पट मजुरी बोलले, तरी कोणी उठेना.

मग नानांना आठवलं, देवपुरात एक माणूस असा आहे ज्याने ती गोष्ट ऐकलेलीच नाही.

मंजुळाबाई गिलास धूत होती. तिने मान वर केली. रस्त्याच्या पलीकडे पुना दगडाखाली पहार घालत होता.

ती धावली. रस्त्याच्या कडेला उभी राहून दोन्ही हात हलवू लागली, नको, नको. पुनाने तिच्याकडे पाहिलं आणि हसला. "मजुरी चांगली शे!" तो ओरडला. "बठ्ठा घाबरतस! दगडले काय घाबरानं?"

गोष्ट खोटी होती. तिनेच केलेली. तरी तिच्या मनात एकच चाललं होतं: आठ दिवस. आठ दिवस.

दगड सुटला. पुनाने तो उलटा केला, माती झटकली, टाकीच्या खुणांवरून बोट फिरवलं. आणि जिनिंगच्या पट्ट्याच्या गोंगाटातही ऐकू जाईल अशा आवाजात ओरडला:

"अरे, हा ते आपला पाटा शे!"

मजुरांनी ऐकलं. झुलालने ऐकलं. बाकड्यावरच्या ड्रायव्हरांनी ऐकलं.

पुनाने पाटा खांद्यावर घेतला आणि घराकडे निघाला. रस्ता ओलांडायला त्याने पाऊल टाकलं तेव्हा पुलावर इंजिनाचा आवाज आला.

मंजुळाबाई रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली. पुनाकडे पाठ, पुलाकडे तोंड. ट्रकने हॉर्न दिला. पुन्हा दिला. ती हटली नाही. ड्रायव्हरचा चेहरा तिला काचेतून दिसला. तो तिला ओळखत होता. पण आता त्याच्या डोळ्यांत मंजुळाबाई नव्हती, वळणावरची ती मेलेली बाई होती. ब्रेक किंचाळले. ट्रक तिरपा होऊन थांबला. ड्रायव्हरने डोळे मिटून हात जोडले.

पुना पलीकडे पोचला, वळला, बायको रस्त्यात उभी दिसली.

"रस्तामा काय उभी ऱ्हायनी?" तो ओरडला. "मरशी ना!"

०

संध्याकाळपर्यंत सगळ्या ड्रायव्हरांना कळलं होतं. हॉटेलात एकमेकांना टोमणे चालले. "क्यों भाई, आज मसाला पीसनेवाली दिखी क्या?" दगडापुढे फोडलेल्या नारळांचा हिशेब काढून त्यांनी झुलालकडे फुकट चहा मागितला. नंतर वळणाआधी कोणी गाडी हळू केली नाही. रस्ता रुंद आणि गुळगुळीत झाला होता.

आठ दिवस गेले. पुनाला काही झालं नाही. मंजुळाबाईची भीती गेली नाही. रोज सकाळी तो म्हशी सोडायचा तेव्हा ती हातातलं काम टाकून त्याच्या आधी रस्त्यात जायची आणि पुलाकडे तोंड करून उभी राहायची. पुना वैतागायचा. म्हशी सावकाश जायच्या. एखादी मधेच थांबायची. शिव्या देत गाड्या तिला वळसा घालून जायच्या. नवे ड्रायव्हर येत होते. त्यांना ना बाई माहीत, ना पाटा.

त्या उन्हाळ्यात एका सकाळी ट्रकने हॉर्न दिला. ती हटली नाही. पुना म्हशी घेऊन नदीपर्यंत पोचला. तिथे मागे वळून पाहिलं, तेव्हा त्याला कळलं.

सुकदेव नानांनी वळणावर 'गाडी हळू चालवा' अशी पाटी आणि दिव्याचा खांब लावायला पुन्हा ग्रांट मागितली. या खेपेला विचारल्यावर त्यांना नाव सांगता आलं.

पाटा जमिनीत उभा होता तोवर त्या वळणावर एक कोंबडीसुद्धा मेली नव्हती.