कृपया थांबा

मी एक भिंतीवरचं घड्याळ बोलतोय. व्याकरणाप्रमाणे 'बोलतंय' म्हणायला हवं, हे मला ठाऊक आहे. पण 'घड्याळ बोलतंय' म्हटलं की दुसरंच कुणी माझी चहाडी करतंय असं वाटतं. तेव्हा बोलतोय. सध्या दोन वाजून दहा मिनिटं झाली आहेत. सकाळीही तेवढीच झाली होती, आणि उद्याही तेवढीच होणार आहेत. ते का, हेच सांगायचं आहे.

मी कुठल्या कारखान्यात जन्मलो ते आठवत नाही. डोळे उघडले ते काष्टी गावात, कानिफनाथ आणि आरती यांच्या लग्नाच्या मांडवात. आहेरात सात घड्याळं आली होती. पुढच्या दोन वर्षांत त्यातली सहा रंगीत कागदात गुंडाळून दुसऱ्यांच्या लग्नांना गेली. मी राहिलो, कारण माझ्या तबकडीवर एका पतसंस्थेचं नाव आणि खाली 'अखंड सेवा' असं छापलेलं होतं, आणि ते खरवडून निघण्यासारखं नव्हतं. पतसंस्था लवकरच बंद पडली. सेवा मी एकटाच देत राहिलो.

घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत खाट, लोखंडी कपाट आणि समोरच्या भिंतीवर मी. मागे स्वयंपाकघर. मध्ये दार नाही, पडदा. कानिफनाथ टेम्पोने कांदा पोहोचवतो. त्याची आई झुंबरबाई दोन म्हशी सांभाळते आणि डेरीला दूध घालते. ती माझ्याकडे बघूनच घराबाहेर पडते. मोबाईलवरच्या वेळेवर तिचा विश्वास नाही. "त्यो आकडा कवा बदलतो ते दिसत न्हाई," ती म्हणते. "हे बिचारं चालताना तरी दिसतंय."

आरतीचं माहेर नगरच्याच अकोले तालुक्यात, डोंगरात. तिथे समोरच्या वाडीला निरोप द्यायचा तर हाक मारावी लागते, आणि हाक स्वच्छ नसली तर भलताच माणूस उठून येतो. त्यामुळे तिचा आवाज लहानपणीच घासूनपुसून लख्ख झालेला. लग्नानंतर इथल्या एका साडीवाल्याने रिक्षावर वाजवायला तिच्याकडून सेलची जाहिरात बोलून घेतली. बाजाराच्या दिवशी ती रिक्षा गावभर फिरली, आणि आरतीला वाटलं, हेच आपलं काम. मग मोबाईलला जोडायचा एक लहानसा माइक घरात आला, आणि माझ्या आयुष्यात झोप आली.

कारण रेकॉर्डिंगला शांतता लागते. आमच्या समोरच पिठाची गिरणी. ती वीज गेल्याशिवाय गप्प बसत नाही. म्हणून दुपारी वीज गेली की सगळं गाव चरफडतं आणि आरती पदर खोचून उठते. कपाट उघडायचं, आत टांगलेल्या साड्यांमध्ये माइक धरून डोकं खुपसायचं, म्हणजे आवाज घुमत नाही. मग गोंगाट उरतो तो एकट्या माझा. मला तिने स्वयंपाकघरात ठेवून पाहिलं, ज्वारीच्या डब्यात घालून पाहिलं. तरी माझी टिकटिक माइकला ऐकू जायची. मी स्वस्तातलं घड्याळ. स्वस्तातली घड्याळं आपण काम करतोय हे सगळ्यांना ऐकवत काम करतात. कचेऱ्यांतही हा प्रकार असतो, असं ऐकून आहे.

शेवटी ती मला खिळ्यावरून उतरवून खाटेवर पालथा घालू लागली आणि पाठीतला सेल काढून बाजूला ठेवू लागली.

सेल निघाला की माझे कान बंद होतात. मग माझे बाराही आकडे आळस देत तबकडीवरून उतरतात आणि रांग मोडून नदीकडे चालू लागतात. सहा हा जन्माचा खाली बसलेला, तो सगळ्यांच्या पुढे असतो. काठावर चिंचेखाली ते बसतात. नदीचं पाणी वाहत नाही, नुसतं उभं असतं. पलीकडच्या काठावरून कुणी बाई बोलत असते. शब्द कळत नाहीत. धुक्यात भांड्याला भांडं हलकेच लागावं तसा नाद तेवढा येतो. आकडे मान पुढे करून ऐकतात. आता कळेल, आता कळेल असं होतं, आणि तेवढ्यात कुणीतरी माझ्या पाठीत सेल घालतं. मग आकडे धापा टाकत आपापल्या जागी.

म्हणजे ज्या आवाजासाठी मला झोपवत, तो आवाज मी कधी ऐकलाच नव्हता. "आत्या, दूध उतू चाललंय" हा सासूला हाक मारतानाचा ऐकला होता. माइकपुढचा नाही. सराव ती गच्चीवर करायची. सासूच्या देखत एकटीनेच 'दिवसभर ताजेतवाने राहा' असं म्हणणं अवघड असतं.

पण तिच्या कामाचा अंदाज मला यायचा. जेवढा वेळ ती बोले, तेवढा मी मागे पडे. काटे पुढे सारायचं तिच्या लक्षात राहत नसे. गणपतीच्या आधी मी तासभर मागे होतो. घरात चहाला आलं पडत होतं. पुढे मी मिनिटभरही चुकेनासा झालो, आणि आरती खिडकीशी नुसती बसू लागली. ज्या आठवड्यात मी बिनचूक चाललो, तो आठवडा आमच्या घरात वाईट गेला.

काम यायचं, पण नेमाने नाही. एक म्हणाला आवाज फार गावाकडचा, दुसरा म्हणाला फार शहरी. 'गरज पडली की कळवतो' असं तर सगळेच म्हणत, आणि गरज कुणालाच पडत नसे. एकाने सांगितलं, आता कॉम्प्युटरच बोलतो, तो खोकतही नाही. अशात श्रीगोंद्याच्या एका कापडदुकानात आरतीसाठी काउंटरवरची जागा चालून आली. सकाळी नऊ ते रात्री आठ. म्हणजे माइक कायमचा कपाटात.

"दसऱ्यापर्यंत बघू," कानिफनाथ म्हणाला. "मी काय नको म्हणतो का? पन त्या दुकानवाल्याला किती दिवस लटकवायचं?"

"लटकवायचं ते लटकवलंय की भितीवर," झुंबरबाई माझ्याकडे हात करून म्हणाली. ती त्या दिवशी माझ्यावर चिडलेली होती. "ह्याचा काय नेम हाय का न्हाई? डेरीत गेल्ते तर माप बंद. समदं दूध माघारी आनलं. कर आता त्याचा खवा, आन् चार तुझ्या माइकला."

"आत्या, सेल परत घालायचा राहिला माझ्याकडून."

"तेच म्हनते. बोलायचं तू, आन् दातखीळ ह्याची."

दसऱ्याला चार दिवस उरले असताना पुण्याहून फोन आला. लीना नावाची बाई, रेकॉर्डिंग स्टुडिओ चालवणारी. फोन स्पीकरवर होता आणि सेल माझ्या पाठीत होता, म्हणून सगळं ऐकलं.

"आरतीताई, ठिबकचं सामान करणारी कंपनी आहे. शेतकरी फोन करतात तेव्हा जो आवाज ऐकू येतो ना, तो हवाय त्यांना. कॉम्प्युटरचा लावला होता, लोक शिव्या देऊन फोन ठेवायला लागले. दर आठवड्याला नवे निरोप, वर्षभर. नमुन्याची दहा वाक्यं पाठवते. उद्या तीनपर्यंत पाठवा. त्यांची तीनला मीटिंग आहे, त्यात ऐकून ठरवतील."

"आधी नाही चालणार? आज लगेच?"

"आज घाईत कशाला? नीट करा."

आज वीज गेलीय, गिरणी बंद आहे आणि उद्याचा भरवसा नाही, हे आरतीने तिला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळभर वीज गेली नाही. एखाद्या घराने वीज जाण्याची इतकी वाट पाहिलेली मी तरी बघितली नाही. दोन वाजून गेले तेव्हा गिरणी एकदाची घरघरत थांबली. आरतीने मला उतरवलं, सेल काढला. माझे आकडे नदीकडे निघाले.

पुढचं मला नंतर कळलं. झुंबरबाई दुपारची डुलकी काढून उठली. मी खाटेवर पालथा, शेजारी सेल. कालपरवाच दूध माघारी आलेलं. सुनेचं डोकं साड्यांत. बोलताना मध्ये आवाज करायचा नाही, एवढं तिला माहीत होतं. म्हणून बिचारी मांजराच्या पावलांनी आली, माझ्या पाठीत सेल घातला, मला खिळ्यावर अडकवलं आणि तशीच गोठ्यात गेली. तिच्या मते तिने सुनेचं एक काम वाचवलं.

मी जागा झालो तो नदीकाठचा नाद अजून चालूच होता. फक्त आता शब्द कळत होते.

"नमस्कार. आपण फोन केलात, बरं वाटलं."

ती आरती होती. तिच्या आवाजात कुठेही घाई नव्हती. डोंगरावरून हाक मारणारा माणूस पलीकडच्याला घर सापडेपर्यंत उभा राहतो, तसा तो आवाज उभा होता. मी ऐकत राहिलो, आणि मग लक्षात आलं की मी चालतोय. टिक. टिक. टिक. एकेक टिकटिक त्या साड्यांच्या दिशेने जात होती. तीनच्या आत दुसऱ्यांदा बोलायला मिळेल याची खात्री नव्हती. वीज कधीही परत आली असती. घड्याळाला श्वास रोखता येत नाही. ते त्याच्या नोकरीत बसत नाही.

तेवढ्यात ती म्हणाली, "आपला वेळ आमच्यासाठी मोलाचा आहे. कृपया थांबा."

माझ्या सगळ्या आयुष्यात मला कुणी 'कृपया' म्हटलं नव्हतं. आजवर थांबवलं होतं, ते पाठीत बोट घालून.

मी थांबलो.

दहाव्या वाक्यानंतर आरतीने डोकं बाहेर काढलं आणि मला भिंतीवर पाहिलं. तिचा चेहरा उतरला. तिने कान लावला. शांतता. काहीच न कळून तिने तसंच रेकॉर्डिंग पाठवून दिलं, आणि समोर गिरणी सुरू झाली.

संध्याकाळी लीनाचा फोन आला. "काम तुमचं. एका ठिकाणी मागे काहीतरी तीनदा वाजलंय, ते आम्ही काढून टाकलं." त्या क्षेत्रातलं माझं काम म्हणजे त्या तीन टिकटिकी. तेवढंही कुणी ठेवलं नाही.

घड्याळवाल्याने मला उघडून पाहिलं. आतलं चाक झिजलंय म्हणाला. असेल. तो त्याचं शिकलेलं बोलला, मी माझं अनुभवलेलं सांगितलं.

"बंद घड्याळ घरात ठिवू नये," झुंबरबाईने बजावलं. "इकून टाक भंगारात."

आरती म्हणाली, "आत्या, तुम्हाला स्वयंपाकघरात नवं आणू. टिकटिक न करणारं. पण हे इथेच राहू द्या. मला एवढं एकच घड्याळ चालतं."

तेव्हा मी अजून भिंतीवर आहे. दुकानाला नकार गेला. दर आठवड्याला वीज जाते, कपाट उघडतं, आणि आता मी जागेपणी ऐकतो. परवा झुंबरबाईने लेकाचा मोबाईल घेऊन त्या कंपनीला फोन लावला, सून कशी बोलते ते बघायला. पलीकडून आरती म्हणाली, "कृपया थांबा." झुंबरबाई खाटेवर सावरून बसली. "थांबते गं बाई," ती फोनला म्हणाली, "तुझं चालू दे." आणि खरंच थांबली, म्हशी ओरडेपर्यंत.

माझं मागणं मोठं नाही. काटे फिरवू नका, चाक बदलू नका. फक्त पाठीतला सेल काढू नका. त्याला पाणी सुटलं तर नवा घाला. वेळ मी पुष्कळ दाखवली. आता थोडं ऐकू द्या.