फुटाला एक सूत

ओतशाळेत त्याला सगळे 'ऋषी' म्हणत, आणि त्यात आदर कमी, टिंगलच जास्त होती. धंद्याने तो साचेमिस्त्री. लोखंडाची जी वस्तू ओतायची ती आधी लाकडात घडवायची, मग तिचा ठसा वाळूत उठवून त्यात लोखंड ओतायचं. यातलं लाकडाचं काम त्याचं. चाळीस वर्षं रंधा मारता मारता त्याने वेदांवरची जाडजूड पुस्तकं पालथी घातली होती, आणि कोणी चहाचा कप घेऊन दोन मिनिटं टेकलं, की त्याला थेट सृष्टीच्या आरंभापर्यंत नेऊन सोडायचा.

"विधात्याने आधी शब्द आठवला, शब्दाबरोबर अर्थ आठवला, आणि मग वस्तू झाली," तो सांगे. "वस्तू येते नि जाते. अर्थ कुठे जात नाही. घडा फुटतो, घडेपण कसं फुटेल?"

लोक माना डोलवत काढता पाय घेत. बसून राही तो एकटा जावई. तो त्याच ओतशाळेत तयार मालाची दाबचाचणी करायचा आणि सासऱ्याचं पुराण अगदी मनापासून ऐकायचा. अशी माणसं लाखात एखादी निघतात.

तोच जावई तीन आठवड्यांपूर्वी गेला. ओतशाळेतच ओतलेला हवेच्या दाबाचा मोठा सिलिंडर चाचणीत फुटला आणि तुकडा त्याच्या छातीत घुसला. चौकशीवाले आले, दोन दिवस कागद काळे केले, आणि त्याने निष्काळजीपणे जास्त दाब दिला असं लिहून मोकळे झाले. उलट बोलायला तो थोडाच होता.

त्या कागदाने मुलगी आतून जळत होती. "ते काटा दोनदा बघायचे, बाबा," ती म्हणाली. "घरातला गॅससुद्धा दोनदा बघायचे."

ऋषी तिच्याजवळ बसला. द्यायला दुसरं काहीच नव्हतं, म्हणून त्याने आपलं ठेवणीतलं काढलं. "तो काही नाहीसा झालेला नाही, पोरी. त्याचा अर्थ आहेच. घडा फुटला तरी—"

"मला घडेपण नकोय, बाबा. मला घडा हवा होता." तिने चौकशीचा कागद त्याच्यापुढे सरकवला. "निदान त्यांच्या नावावरचा डाग तरी पुसा."

तेवढं आपल्याच्याने होईल असं त्याला वाटलं. दुसऱ्या दिवशी दुपारी तो साच्यांच्या कोठारात गेला. लोखंडात भेसळ असेल, भट्टीवाल्याने घाई केली असेल. दोष कुठेतरी असणारच आणि तो आपण हुडकून काढणार. आपल्या साच्याबद्दल कोणी तोंड उघडू नये म्हणून त्याने आधी त्यालाच पट्टी लावली.

साचेमिस्त्रीची पट्टी वेगळी असते. ओतलेलं लोखंड निवताना फुटामागे एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, आकसतं, म्हणून या पट्टीवरचा फूट मुळातच एक सूत मोठा आखलेला असतो. साचा तिने मोजून केला, की निवलेली वस्तू बरोबर मापात येते. हा या धंद्याचा पहिला धडा.

आतल्या पोकळीचा साचा बरोबर निघाला. बाहेरचा, दोन फूट व्यासाचा, दोन सूत कमी भरला. त्याने चष्मा पुसला, पुन्हा मोजलं. मग साधी पट्टी आणून लावली. तिच्या मापाने साचा केसभरही चुकलेला नव्हता. म्हणजे दोन्ही बाजूंनी एकेक सूत गेलं होतं, आणि चार सुतांची भिंत तीनच सुतांची ओतली गेली होती. बंद सिलिंडरच्या भिंतीची जाडी बाहेरून कोणाला दिसणार?

तो दिवस त्याला लख्ख आठवला. जावई समोर ठोकळ्यावर बसला होता, विषय रंगात आला होता. मनातली वस्तू हीच खरी, तिथे काही झिजत नाही, आकसत नाही, असं ऋषी सांगत होता. आणि सांगता सांगता मनातला सिलिंडर जसाच्या तसा फळीवर आखत होता, हाताला आली त्या साध्या पट्टीने. लोखंड आकसतं हे चाळीस वर्षांत पहिल्यांदाच तो विसरला होता.

भट्टी दहा पावलांवर होती. वाळलेलं लाकूड, क्षणात पेटलं असतं. ते त्याच्या मनात आलं. आलं नाही असं कशाला म्हणा. मग त्याने साचा उचलला आणि मॅनेजरच्या टेबलावर नेऊन ठेवला.

"फाइल बंद झालीय, मिस्त्री," मॅनेजर म्हणाला. "कशाला स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेता?"

"उघडा," तो म्हणाला, आणि सगळं लिहून सही करूनच उठला.

संध्याकाळी त्याने मुलीला तिच्या दारातच उभ्या उभ्या सांगितलं. काही लपवलं नाही.

"तुम्ही ते चुकीचं आखत होतात," तिने विचारलं, "तेव्हा ते ऐकत बसले होते?"

"हो."

"आवडीने?"

"हो."

तिने दाराची कडी हातात धरली.

"बाबा, तुमच्या मनातला तो सिलिंडर अजून धड आहे का?"

खोटं बोलता आलं असतं. पण तो डोळ्यांपुढे होता, पुरा, चार सुतांच्या भिंतीचा. "आहे," तो म्हणाला.

"मग त्याच्याजवळच बसा," ती म्हणाली. "इकडे येऊ नका."