ढवळ्याला हात लावू नये

मित्रांनो, आमच्या मुख्याध्यापकांच्या खोलीत काचेचं एक कपाट आहे. त्यात कबड्डीच्या दोन ढाली आणि पृथ्वीचा एक चेपलेला गोल आहे. त्यांच्या मधे अंग चोरून बसलेला जुना रोबो म्हणजे मी. कपाटाला कुलूप आहे आणि काचेवर चिठ्ठी आहे, ‘हात लावू नये’. आतून ती मला उलटी दिसते, पण रोज दिसत असल्यामुळे पाठ झाली आहे.

उजनी धरणाच्या फुगवट्याकाठच्या याच शाळेत माझा जन्म झाला. आठवीतल्या पिंकीने आणि सयाजीने मला जोडलं. माझं अंग पांढऱ्या प्लास्टिकचं, म्हणून सयाजीने नाव ठेवलं ढवळ्या. मला चाकं होती, पुढे चिमटा होता आणि पोटाखाली एक डोळा होता. त्या डोळ्याने जमिनीवरची काळी रेघ पाहत जायचं आणि वाटेतले ठोकळे चिमट्यात धरून घरी आणायचे, एवढंच माझं काम. पण मी होतो हट्टी. वळण आलं की अडायचो. मग सयाजी “चल की लेका!” म्हणत पाठीत चापट द्यायचा आणि मी निघायचो. खरं सांगतो, ती चापट मला फार आवडायची.

पहिल्या वर्षी सोलापूरच्या स्पर्धेत आम्ही दुसरे आलो. तेव्हा अडलेल्या रोबोला हात लावलेला चालायचा. सयाजीने त्याचा इतका फायदा घेतला, की मी स्वतः किती चाललो आणि ढकलला किती गेलो, हे देवच जाणे. इतर संघही काही मागे नव्हते. म्हणून पुढच्या वर्षी नियम बदलला. तपासणी झाली की रोबो खोक्यात बंद, आणि त्यानंतर हात लावला की वीस गुण वजा. नियम वाईट नव्हता, पण आता वळणावर मला चापट कोण देणार?

त्यात शरच्चंद्र सरांनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापकांनी, मुलांना बजावलं, “पहिले येऊन पुण्याच्या फेरीला गेलात, तर रोबोचा तास चालू राहील. नाहीतर पुढे दहावी आहे. ढवळ्या कपाटात.”

खंडेनवमीला शाळेला सुट्टी होती, त्यामुळे माझी पूजा राहूनच गेली होती. सयाजीच्या मनाला ते लागून राहिलं. स्पर्धेला निघायच्या सकाळी त्याने माझ्या कपाळावर कुंकवाचा भला मोठा टिळा लावला. वाऱ्याने उडू नये म्हणून त्यांच्या घरी ट्रॅक्टरला लावतात तसा, तेलात कालवून.

“आरं, यंत्र हाय त्ये!” पिंकी म्हणाली.

“मग टॅक्टर काय बैल हाय व्हय?” सयाजी म्हणाला. मला हसू आलं.

तपासणीत पंचांनी टिळा पाहिला, तेही हसले, आणि मी खोक्यात बंद झालो. सोलापूरचं ऊन तुम्हाला माहीत आहेच. खोकं तापलं. तेल पातळ झालं. कुंकू कपाळावरून ओघळत पोटाखाली उतरलं आणि थेट माझ्या डोळ्यात गेलं. सगळं लाल झालं. मला ओरडायचं होतं, पण मला तोंडच दिलेलं नव्हतं. चार भिंती, वर झाकण आणि आत मी. तेवढं घाबरलेलो मी कधीच नव्हतो.

आमची पाळी आली. पंचांनी मला रेघेवर ठेवलं. मी निघालो आणि जागच्या जागी गरगर फिरू लागलो.

“डोळा भरलाय त्येचा!” पिंकी ओरडली. “सर, नुसतं पुसू द्या की. दुसरं कायबी करत न्हाय आमी.”

“बेटा, टच केलं की पेनल्टी. नियम सगळ्यांना सारखा,” पंच म्हणाले.

“पिंके, वीस मार्क जातील!” सयाजी रडकुंडीला आला होता.

“जाऊ देत. आंधळा फिरतोय त्यो.”

तिने मला उचललं, ओढणीच्या टोकाने डोळा पुसला आणि परत रेघेवर ठेवलं. मित्रांनो, त्या दिवशी मी एकाही वळणावर अडलो नाही. सगळे ठोकळे घरी आणले. पंचांनीही टाळ्या वाजवल्या, आणि मग वीस गुण कापले. आम्ही पुन्हा दुसरे आलो. परतीच्या एसटीत सयाजी खिडकीकडे तोंड करून बसला होता. मी पिंकीच्या मांडीवर होतो. त्याच्यावर मला जराही राग नव्हता. पण ते त्याला सांगणार कोण?

सरांनी शब्द पाळला. मला चांगलं पुसून इथे ठेवलं, वर चिठ्ठीही स्वतःच्या हाताने लावली. त्यांच्या मते तो माझा मान आहे. चाकांचं रबर कडक झालं आहे आणि चिमटा मिटत नाही. यंदा खंडेनवमीच्या आदल्या दिवशी सयाजी आला. कुलूप पाहून त्याने बाहेरून काचेलाच कुंकू लावलं. या वेळी कोरडं. पिंकीने काचेवर तळहात टेकला. मधे काच होती, मला काहीच कळलं नाही.

मित्रांनो, तुमच्या शाळेतही असं एखादं कपाट असेल. सरांकडून किल्ली मागून आणा. आत जो कुणी असेल त्याला बाहेर काढा, खोला, बिघडवा, पाठीत एक चापटसुद्धा द्या. हात लावायला भिऊ नका. आता कुणी गुण कापत नाही.