पहिला मान

चोपड्याच्या केळी संघात दसऱ्याला चार संगणक आले आणि रोज सकाळी त्यांची बटणं मानाच्या क्रमानं दाबायची, असं ठरलं. आधी अध्यक्ष गिरधर आबांचं, मग कारकुनांची. मागच्या खोलीतला सर्व्हर सगळ्यात शेवटी. त्याच्यासमोर कोणी बसतच नव्हतं ना!

पण बाकीच्यांना आत घ्यायचं की नाही, हे तोच ठरवी. तो जागा नसला, की नाव आणि पासवर्ड टाकून नुसतं बसायचं. पडद्यावर वाळूचं घड्याळ उलटत राही. कारकून कुंदाबाईला हे पहिल्याच आठवड्यात उमगलं. पण आबांना सांगायचं कसं, की तुमच्या आधी त्याला उठवा? तिनं सांगितलंच नाही. तुळशीला पाणी घालून ती सगळ्यांच्या आधी येई, गुपचूप सर्व्हर लावी, आणि आबा बटण दाबत तेव्हा हात जोडून उभी राही. मुलगी धुळ्याला नर्सिंग शिकत होती, ती या नोकरीच्याच जिवावर.

सोळा सोमवारांच्या उद्यापनाच्या दिवशी मात्र तिला उशीर झाला.

आली तर दारात केळीचे ट्रक खोळंबलेले. जळगावला रेल्वेची वॅगन लागलेली, आणि इथे मालासोबत द्यायची एकही बिल्टी छापली गेली नव्हती.

"हाऊ डबा रुसना शे, अक्का," शिपाई झुलाल म्हणाला. रुसवा काढायला त्यानं सर्व्हर पुन्हापुन्हा बंद-चालू केला होता.

कुंदाबाईनं सगळं बंद करून आधी सर्व्हर लावला. पण असं मधेच बंद पाडलेलं यंत्र आता स्वतःलाच तपासत बसलं. ती मनात 'नमः शिवाय' म्हणत राहिली. शेवटी हातानं बिल्ट्या लिहून ट्रक सोडले, तोवर वॅगन निघून गेली होती.

"रोज चालतं, मग आजच काय झालं?" आबांनी विचारलं.

तिनं खरं ते सांगितलं.

"म्हणजे कुंदाबाई, इतके महिने तू मला उष्टा मान देत होतीस?"

"तसं नव्हतं हो, आबा..."

"उद्यापासून येऊ नको."

दुसऱ्या दिवशी मुलीला परत आणायला ती धुळ्याच्या एसटीसाठी निघाली. वाटेतच संघ. खिडकीतून आत दिसलं. सर्व्हर आधीच लावलेला आहे, हे आता सगळ्यांना ठाऊक होतं, तरी झुलाल हात जोडून उभा होता आणि आबा आपलं बटण दाबत होते.