दोन बोटं जास्तीचा वॉचमन

शिंपीकाकांनी चाळीस वर्षं लोकांची मापं घेतली आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी चित्रकलेच्या पहिल्या वर्षाला नाव घातलं. दुकानात आता लेक बसायची. तिनं बजावलं होतं, "बाबा, एक वर्ष देते. पास झालात तर खुशाल पुढे शिका. नापास झालात तर मुकाट्यानं काजं करायला बसायचं." काजांचा काकांना एवढा तिटकारा, की स्वतःच्या शर्टाला ते बटणांऐवजी हूक लावत.

पहिल्याच आठवड्यात गोम उघडी पडली. कापड बेतताना शिंपी शिवणीसाठी मापापेक्षा दोन बोटं जास्त ठेवतो. त्याला माया म्हणतात. काकांच्या हातात ही माया इतकी मुरलेली, की कोळशाची कांडी धरली तरी रेघ वस्तूच्या दोन बोटं बाहेरूनच पळायची. सफरचंदाचा भोपळा झाला. सुरईला दिवस गेले. सरांनी कवटी मांडली, तर काकांच्या कागदावर कवटीलासुद्धा गाल आले.

"काका, हे काय?" सरांनी कपाळाला हात लावला.

"असू द्या सर. सैल झालं तर आत घेता येतं. कमी पडलं तर आणायचं कुठून?"

"कवटी ट्रायलला कधी येणार, काका?" शेजारच्या आगाऊ पोरीनं विचारलं.

मग माणूस काढायची वेळ आली. दर गुरुवारी कॉलेजचा वॉचमन स्टुलावर बसायचा आणि सगळे त्याला भल्यामोठ्या कागदावर, आहे त्या आकारात उतरवायचे. वर्षाअखेरीला बाहेरून परीक्षक यायच्या, त्यालाच समोर बसवून प्रत्येकाचे कागद ताडून बघायच्या, अशी रीत होती. हा वॉचमन इतका बारीक, की फाटक न उघडता गजांमधून ये-जा करायचा. पोरं त्याला काडी म्हणत.

पहिल्या गुरुवारी काडीनं काकांचा कागद पाहिला आणि तो जागीच थिजला. भरदार मान, रुंद छाती, मांडीएवढे दंड.

"हा मी?"

"तुम्हीच. दोन बोटं इकडेतिकडे."

"काका, एवढा रुबाब मला माझ्या लग्नातही नव्हता हो!"

दुसऱ्या दिवसापासून गड्यानं खायला सुरुवात केली. सकाळी डझनभर अंडी, दुपारी केळ्यांचा फणा, आणि गस्त घालता घालता पाव. महिन्याभरात तो चित्राएवढा झाला. पण काका इमानी. समोर जेवढा बसलाय, त्याच्या दोन बोटं बाहेरून त्यांनी नवीन रेघ मारली. काडी पुन्हा जेवायला धावला. तो चित्र गाठायचा, चित्र पुढे सरकायचं. त्याला आधी फाटकाची एक फळी उघडावी लागली, मग दोन्ही. स्टूल मोडलं, बाक आलं.

परीक्षेआधी महिनाभर वर्ग बंद होते. चित्र थांबलं. काडी थांबला नाही.

परीक्षक बाई आल्या. कडक चष्मा, त्याहून कडक नजर. बाकावर ऐसपैस पसरलेल्या काडीकडे त्यांनी बघितलं, मग आगाऊ पोरीच्या कागदांकडे.

"हा कोण? याला कुणी जेवायला घालत नव्हतं का?"

"बाई, शप्पथ, तेव्हा तो असाच होता!"

"सगळे असंच म्हणतात."

काकांच्या शेवटच्या कागदापुढे मात्र बाई थबकल्या. काकांच्या गळ्यातली टेप ओढून त्यांनी आधी काडीला मापलं, मग कागदाला. खांदे तंतोतंत. पोट तंतोतंत.

"पहिल्या वर्षाला एवढी अचूक नजर!"

काकांना काजं दिसत होती, एकाखाली एक, न संपणारी. गप्प बसले असते तर सुटले असते. पण मापात लबाडी त्यांना कधी जमलीच नव्हती.

"बाई, चित्र चुकलेलंच आहे," ते म्हणाले. "माणूस दुरुस्त झालाय."

"असं? मग आत्ता माझ्यासमोर काढा. माझंच काढा."

काकांनी कांडी उचलली. हात आवरायचा आटोकाट प्रयत्न केला, पण रेघ गेली ती दोन बोटं बाहेरूनच. बाई काटकुळ्या. कागदावर उभी राहिली ती एखाद्या साम्राज्याची महाराणी. सरांनी डोळे मिटून घेतले.

बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. कागदाची गुंडाळी करून काखेत मारली.

"चुकलंय खरं," त्या म्हणाल्या. "पण समोरच्याला चित्रासारखं व्हावंसं वाटतं, एवढं पहिल्या वर्षाला पुष्कळ झालं. पास." दारापाशी जाऊन त्या वळल्या. "इथलं कँटीन कितीपर्यंत उघडं असतं?"

काका उड्या मारत दुकानात पोचले, तर लेक काडीच्या गणवेशाच्या उसवलेल्या शिवणीत पट्टी जोडत होती. बाजूला अजून चार गणवेश पडलेले.

"झालो पास!"

"बरं झालं. शिका पुढे," ती दातांनी दोरा तोडत म्हणाली. "फक्त एक करा बाबा. पुढच्या वर्षी झाडं काढा."